किट कारमधील मोटरसायकल इंजिन : बसवणी आणि कंपननियंत्रण

सुट्या भागांचा संच घेऊन मालकाने स्वतः जोडलेल्या गाडीला किट कार म्हणतात. अशा गाडीत मोटरसायकलचे इंजिन घालायचे ठरले, की त्याची थरथर चासीत, पत्र्यात आणि चालकाच्या हातापायांत कमीत कमी कशी उतरेल हा प्रश्न पहिल्या दिवसापासून समोर असतो. उत्तर केवळ मऊ रबरात सापडत नाही. इंजिनाला धरणारा पाळणा, चासीच्या नळ्यांचे सांधे, मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रोपेलर शाफ्ट आणि सायलेन्सरची टांगणी या सगळ्यांचा हिशेब एकत्रच करावा लागतो.

हा उद्योग मुख्यतः ब्रिटनमधला. 1957 साली आलेल्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरच्या हलक्या, उघड्या दोन आसनी गाड्या तिथे अजूनही घरच्या गॅरेजात बनतात. होंडा फायरब्लेड (1992), यामाहा आर-वन (1998) आणि सुझुकी हायाबुसा (1999) या दुचाक्या रस्त्यावर आल्या आणि अपघातात मोडलेल्या गाड्यांची इंजिने भंगारवाल्यांकडे येऊ लागली. शंभर किलोच्या आत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकाच ठोकळ्यात मिळतात, हे त्यांचे मोठे आकर्षण. वेस्टफील्ड कंपनीने हायाबुसाचे इंजिन घालून ‘मेगाबुसा’ काढली, तर 750 मोटर क्लबने अशा गाड्यांसाठी वेगळी शर्यतमालिकाच चालवली. रिव्हर्स गिअर मात्र या इंजिनांना नसतो. त्याची सोय वेगळी करावी लागते.

ही इंजिने बहुतेक एका ओळीत चार सिलिंडरची असतात. दट्ट्यांची वरखाली चाल फिरतीत बदलणाऱ्या नेहमीच्या क्रँकमध्ये दोन दट्टे वर असताना दोन खाली असतात, त्यामुळे क्रँकच्या गतीइतक्या वारंवारतेची बले एकमेकांना रद्द करतात. दुप्पट वारंवारतेची, म्हणजे दुय्यम बले मात्र चारही सिलिंडरांत एकाच दिशेने लागतात आणि त्यांची बेरीज होते. हायाबुसाच्या पहिल्या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे दट्ट्याची चाल, 63 मिलिमीटर. प्रत्येक सिलिंडरमागे वरखाली होणारे वजन 300 ग्रॅम आणि कनेक्टिंग रॉड क्रँकच्या त्रिज्येच्या साडेतीन पट धरला, तर मिनिटाला 10,000 फेऱ्यांवर या बलाचे शिखर 11,800 न्यूटनच्या आसपास जाते. म्हणजे बाराशे किलोचा भार सेकंदाला 333 वेळा वरखाली! प्रत्यक्षात हायाबुसात थरथर मारण्यासाठी एका बाजूला वजन असलेला फिरता दांडा, म्हणजे बॅलन्सर शाफ्ट असतो आणि त्यातले बरेचसे तिथेच जिरते. होंडाच्या ब्लॅकबर्ड या दुचाकीत असे दोन शाफ्ट आहेत. दुप्पट वेगाने उलटसुलट फिरणारे दोन शाफ्ट दुय्यम बल पुरते मारतात. एकच असला तर उभा धक्का कमी होतो, पण थोडा आडवा धक्का नव्याने तयार होतो. ही कल्पना फ्रेडरिक लँचेस्टर याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. 2009 नंतरच्या आर-वनमध्ये क्रँकच्या पिना एकमेकींशी 90 अंशांवर असल्याने दुय्यम बल उरत नाही. तिथला बॅलन्सर वेगळ्या कामासाठी, इंजिनाची टोके आळीपाळीने वरखाली होऊ नयेत म्हणून असतो. इंजिन निवडतानाच बॅलन्सरची चौकशी केली तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

मग दुचाकीवर जे चालते ते गाडीत का खटकते? कारण चासीत आहे. सेव्हनच्या जातीच्या गाडीचा सांगाडा साधारण 25 मिलिमीटर चौकोनी आणि 1.6 मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळ्यांचा असतो. अशा 60 सेंटीमीटर लांब नळीची नैसर्गिक वारंवारता, टोके किती घट्ट धरली आहेत त्यानुसार, 200 ते 500 हर्ट्झ येते. मोटरगाडीचे चार सिलिंडरचे इंजिन 3,000 फेऱ्यांवर 100 हर्ट्झचा दुय्यम धक्का देते, तो या पट्ट्याच्या बराच खाली राहतो. मोटरसायकलचे इंजिन 6,000 फेऱ्यांवरच 200 हर्ट्झला पोहोचते आणि त्याचा कामाचा पल्ला तिथून वर सुरू होतो. नळ्या, त्यांवर रिवेट केलेले ॲल्युमिनियमचे पत्रे आणि आरशांच्या दांड्या आपापल्या ठरावीक फेऱ्यांवर एकेक करून गुणगुणू लागतात. म्हणून फाउंडेशनची, म्हणजे इंजिनाखालच्या रबराची, पकड नळीच्या मध्यावर कधीही वेल्ड करू नये. दोन-तीन नळ्या जिथे त्रिकोणात मिळतात त्या सांध्यावरच भार द्यावा. चांगले रबर चुकीच्या जागी लावण्यापेक्षा साधे रबर बरोबर जागी लावलेले केव्हाही बरे.

रबराचा हिशेब तसा सोपा आहे. इंजिनाच्या वजनाखाली 1 मिलिमीटर दबणाऱ्या रबरावर इंजिनाची उभी नैसर्गिक वारंवारता सुमारे 16 हर्ट्झ येते. कंपनाची वारंवारता हिच्या 1.41 पटीपलीकडे गेली की रबर धक्का अडवू लागते. त्याखाली ते उलट वाढवते. 1,200 फेऱ्यांच्या आयडलिंगला दुय्यम धक्का 40 हर्ट्झचा, म्हणजे तिथेच तो एक पंचमांशाच्या खाली येतो. किल्ली बंद केल्यावर थांबता थांबता इंजिन एकदा जोरात उडी मारते, ती या 16 हर्ट्झमधून जाताना. वरच्या फेऱ्यांवर कागदावर दिसते तितकी सुटका प्रत्यक्षात मिळत नाही, कारण वेगवान कंपनांना रबर जास्त कडक लागते आणि पकडीची पट्टी स्वतःच लवते.

अडचण पिळाची, म्हणजे टॉर्कची आहे. हायाबुसाचा टॉर्क 138 न्यूटन-मीटरच्या आसपास. क्रँक आणि क्लच यांच्यामधला प्राथमिक गिअर आणि पहिला गिअर मिळून तो चौपटीहून जास्त होतो. गिअरबॉक्सच्या बाहेर पडणारा हा 570 न्यूटन-मीटरचा पीळ तेवढ्याच जोराने इंजिनाला उलटा फिरवू पाहतो. दोन बाजूंची रबरे 30 सेंटीमीटर अंतरावर असतील तर प्रत्येकावर 1,900 न्यूटन येतात, 60 सेंटीमीटरवर नेली तर निम्मे. म्हणून रबरे शक्य तितकी रुंद बसवतात आणि दोन्ही टोकांना बुश असलेली एक आडवी दांडी पीळ घेण्यासाठी लावतात.

थेट क्रँककेसच्या कानांना रबर लावण्याचा मोह टाळावा. ते ॲल्युमिनियमचे कान दुचाकीच्या फ्रेममध्ये लांब बोल्टने आरपार आवळण्यासाठी ओतलेले असतात. एकेका कानावर लोंबता भार दिला तर ते थकून तडकतात. रूढ पद्धत अशी की नळ्यांचा पाळणा करून त्यात इंजिन मूळच्या सगळ्या बोल्टांवर घट्ट बसवायचे आणि रबर पाळणा व चासी यांच्यामध्ये ठेवायचे. पाळण्याची भोके इंजिनाशी एखाद-दुसरा मिलिमीटर जुळली नाहीत तर बोल्ट आवळून ओढून आणू नये. फटीत वॉशर किंवा आटे असलेली कॉलर भरावी. नाहीतर कान आधीच ताणलेला राहतो आणि कंपन त्याचा शेवट करते. दोन्ही बाजूंना स्टड असलेले दंडगोल रबर दाबात आणि कातरीत टिकते, ताणात चिकटवणी सुटते. ते सुटले तरी इंजिन खाली येऊ नये म्हणून मोठ्या वॉशरसह आरपार बोल्ट ठेवतात. रस्त्यावरच्या गाडीला 50 ते 60 शोअर कडकपणाचे रबर पुष्कळ झाले. त्याहून कडक पॉलियुरेथेन बुश शर्यतीत ठीक; रोजच्या वापरात ते दात खिळखिळे करतात. सायलेन्सरच्या बाजूच्या रबराला उष्णतेची ढाल हवीच.

चेनने चालणाऱ्या गाडीत हे सगळे गणित फिरते. 17 दातांच्या स्प्रॉकेटची त्रिज्या जेमतेम 43 मिलिमीटर, त्यामुळे वरच्याच पिळाला चेनमध्ये 13,000 न्यूटनचा ताण येतो. मऊ रबरावर इंजिन मागे खेचले जाईल आणि चेन तिरकी धावेल. म्हणून विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट गाड्यांत इंजिन बहुधा पक्के आवळतात. भारतात ‘फॉर्म्युला भारत’ आणि ‘सुप्रा एसएईइंडिया’ या स्पर्धांत केटीएम 390 चे इंजिन लोकप्रिय आहे. ही दुचाकी चाकणला बजाजच्या कारखान्यात बनते. ते एकाच सिलिंडरचे, आधीच्या पिढ्यांत 373 सीसीचे इंजिन आहे. बॅलन्सर असूनही दुय्यम बल त्यात उरते, पण दट्टा एकच असल्याने ते चौघांच्या बेरजेपेक्षा पुष्कळ कमी.

इंजिन रबरावर हलू लागले की त्याला जोडलेले सगळे हलते ठेवावे लागते. सायलेन्सरला लवचीक सांधा, पाण्याच्या नळीला वळसा, क्लचच्या केबलला ढील. गिअरची दांडी चासीला घट्ट असेल तर वेग घेताना गिअर सुटू शकतो. कार्ब्युरेटरची इंजिने असतील तर थरथरीने फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल फेसाळते, आणि तो दोष लोक जेटमध्ये शोधत बसतात.

पुष्कळदा गुन्हेगार इंजिन नसतेच. हायाबुसाच्या सहाव्या गिअरमध्ये 10,000 फेऱ्यांना प्रोपेलर शाफ्ट मिनिटाला सुमारे 6,000 फेऱ्या घेतो. लांब एकसंध शाफ्ट या गतीला धनुष्यासारखा वाकू शकतो, म्हणून तो दोन तुकड्यांत करून मध्ये बेअरिंग देतात. दोन्ही टोकांच्या क्रॉसचे (वळत्या सांध्यांचे) कोन सारखे आणि काटे एका रेषेत नसले, तर दर फेरीला दोन धक्के बसतात. तपासणी सोपी आहे. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये फेऱ्या वाढवाव्यात. थरथर ठरावीक फेऱ्यांना आली तर ती इंजिनाची किंवा बसवणीची. गाडी चालू असताना क्लच दाबून इंजिन आयडलिंगला आणल्यावरही ती राहिली आणि वेगाबरोबर कमी-जास्त झाली, तर शाफ्ट किंवा चाके उतरवून समतोल तपासावा.