कताना, नागिनाता आणि यारी: पाणी एकच, दांडा वेगळा

पात्याला पाणी देण्याआधी जपानी लोहार भट्टीची खोली अंधारी करतो. तापलेल्या पोलादाचा रंग अंधारातच नीट जोखता येतो. पात्यावर मातीचा लेप आधीच दिलेला असतो, पाठीला जाड आणि धारेला अगदी पातळ. रंग मनासारखा उतरला की पातं पाण्यात जातं. धार क्षणात थंड होते आणि तिथलं पोलाद मार्टेन्साइट या अतिशय कठीण रूपात बदलतं. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते, म्हणून ती चिवट राहते. मार्टेन्साइटला जागा जास्त लागते. धार प्रसरण पावते आणि जवळजवळ सरळ घडवलेलं पातं पाठीकडे वाकतं. कताना म्हणजे सामुराईची, जपानी योद्ध्याची तलवार. तिचा तो देखणा बाक बराचसा या पाण्याची करणी आहे.

आपल्याकडे लोहार विळ्या-कोयत्याला पाणी पाजतो, तेव्हाही पोलादात हाच बदल घडतो. मातीच्या लेपाने एकाच पात्यात दोन स्वभाव नांदवणं, ही मात्र जपानी कारागिरांची खरी कमाल.

पण ही कमाल एकट्या कतानाची नाही. नागिनाता म्हणजे लांब दांड्यावर बसवलेलं बाकदार पातं आणि यारी म्हणजे सरळ पात्याचा भाला. त्यांची पातीही अशीच घडत. सेनगोकू काळात, म्हणजे १५व्या-१६व्या शतकांत, लढाईनंतर योद्धे आपल्या जखमांच्या याद्या धन्यापुढे ठेवत. त्यांत बाण, भाले आणि पुढे बंदुका यांच्या जखमा तलवारीच्या जखमांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. कताना कमरेला असायची आणि शत्रू अगदी अंगाशी भिडला की कामी यायची. सामुराईचं सगळं शौर्य तिच्याच नावावर जमा करणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं.

लांबीने काय फरक पडतो? कताना फिरवताना टोक हातांपासून साधारण ८५ सेंटीमीटरवर असतं, असं धरू. नागिनातेचं टोक सहज दीड मीटरवर जातं. दोन्ही एकाच कोनीय वेगाने फिरवल्या, तर नागिनातेच्या टोकाचा वेग पावणेदोन पट होतो. अडचण अशी, की जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवायला होणारा विरोध, अंतराच्या वर्गाने वाढतं. टोकाकडचं थोडंसं वजनही हत्यार सुस्त करतं. यावर उतारा दांड्यातच आहे. कतानाची मूठ जेमतेम २५ सेंटीमीटरची, त्यामुळे दोन हात जवळजवळ राहतात. नागिनातेवर ते हात-दीड हात लांब ठेवता येतात. एक हात ओढतो, दुसरा ढकलतो, आणि तेवढ्याच ताकदीत कितीतरी जास्त पीळ मिळतो. १२व्या शतकातल्या गेनपेई युद्धात पायदळातले योद्धे आणि लढवय्ये भिक्खू नागिनाता चालवत.

तिला गरगर फिरायला मोकळी जागा मात्र हवी. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या फौजेत ती कुठून मिळणार? १२७४ आणि १२८१च्या मंगोल स्वाऱ्यांनंतर सैन्यं मोठी होत गेली, रांगा दाट झाल्या आणि यारी पुढे आली. ती सरळ रेषेत चालते, शेजाऱ्याला लागत नाही. सेनगोकू काळातला बडा सरदार ओदा नोबुनागा याच्या पायदळाकडे तर सुमारे सहा मीटरचे भाले होते. त्यांना कौशल्य कमी आणि शिस्त जास्त लागायची.

१७व्या शतकात शांतता आली. कमरेच्या दोन तलवारी सामुराईच्या दर्जाची खूण ठरल्या आणि नागिनाता त्यांच्या घरच्या स्त्रियांच्या हाती गेली. नागिनातेची जुनी पाती कापून, घासून त्यांच्या तलवारी करण्याची पद्धतही होती. अशा तलवारीला 'नागिनाता-नाओशी' म्हणतात. ती ओळखायची तर टोक उजेडात तिरपं धरावं. पाण्याने कठीण झालेली धार आणि चिवट पाठ यांच्या सीमेवर एक धूसर रेघ दिसते. कतानाच्या टोकाशी ती बहुधा वळून पाठीकडे येते. इथे ती न वळता थेट कडेपर्यंत जाते आणि तिथेच तुटते. वळणाचा भाग टोक घासताना निघून गेलेला असतो.