तोच तास, दोन वाटा

एनपीटीईएलचा, म्हणजे आयआयटींच्या मोफत व्हिडिओ-व्याख्यानांच्या उपक्रमाचा, एकच तास दोन ठिकाणी सापडतो. यूट्यूबवर तो कुणीही, केव्हाही, मधूनच उघडून बघावा. ‘स्वयं’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर मात्र तोच तास आठवड्याच्या चौकटीत बसतो आणि बुधवारी रात्री 11:59 ला असाइनमेंट बंद होते. प्राध्यापक तेच, फळ्यावरचं समीकरण तेच. या दोन वाटा फुटल्या कुठे?

घरबसल्या शिकणं आपल्याकडे जुनं आहे. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले. 1985 मध्ये इग्नू हे राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आलं, 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राम ताकवले पहिले कुलगुरू, ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. नोकरी-संसार सांभाळून पुस्तकं उघडायची ती एकट्यानेच. पण अभ्यासकेंद्र, परीक्षा आणि गुणपत्रिका विद्यापीठाची. शाळा अर्ध्यात सुटलेल्या कितीतरी बायकांना पदवीपर्यंत नेणारी ही व्यवस्था मला आजही फार मोलाची वाटते.

मग आलं 1999. त्या एकाच वर्षी आयआयटी मद्रासमध्ये एनपीटीईएलची कल्पना मांडली गेली आणि दिल्लीत कालकाजीला सुगत मित्रा या संशोधकाने वस्तीलगतच्या भिंतीत संगणक बसवला. शिकवायला कुणी नाही. पोरंच एकमेकांना दाखवत माउस चालवायला शिकली. पुढे सिंधुदुर्गातही असे संगणक बसले. मुलांचं कुतूहल खरंच होतं. पण काही ठिकाणची यंत्रं पुढे बंद पडली, कारण ती सांभाळायला कुणी नव्हतं. आपलं आपण शिकायलाही मागे कुणीतरी उभं असावं लागतं.

एनपीटीईएलचं काम 2003 मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी हाती घेतलं. इंजिनिअरिंग कॉलेजं भराभर निघत होती, चांगले शिक्षक मिळत नव्हते. इंटरनेट इतकं हळू, की कॉलेजं व्हिडिओ हार्ड डिस्कवर आणून आपल्या नेटवर्कवर दाखवत. तेव्हा ना नोंदणी होती, ना परीक्षा. ज्याला हवं त्याने बघावं.

दरम्यान 2011 मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोफत कोर्सला सुमारे 1,60,000 जणांनी नावं नोंदवली. शेवटपर्यंत टिकले 20,000 च्या आसपास. मार्च 2014 पासून एनपीटीईएलनेही प्रमाणपत्राचे कोर्स सुरू केले. शिकणं फुकट, परीक्षेला फी. असाइनमेंटचे 25 गुण, केंद्रावर बसून दिलेल्या परीक्षेचे 75. जुलै 2017 मध्ये स्वयं सुरू झालं. अशा कोर्सचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पदवीत धरायला विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) 2016 मध्ये 20 टक्क्यांपर्यंत मुभा दिली होती. 2021 मध्ये ती 40 टक्के झाली.

क्रेडिट आलं तशी उत्तरंही फिरू लागली. असाइनमेंटची तयार उत्तरं सांगणारे व्हिडिओ आठवड्याच्या आठवड्याला येतात. तरी मी तारखांच्या कुंपणाच्या बाजूने आहे. माझी भाची यूट्यूबवर डेटा स्ट्रक्चरचा कोर्स तीनदा सुरू करून सातव्या तासाला सोडून बसली होती. परीक्षेची फी भरली त्या वर्षी बाराव्या आठवड्यापर्यंत गेली. चित्रकला मात्र ती कुठलीही तारीख नसताना रोज रात्री मोबाइलवर बघून शिकते.

भाषेची अडचण दोन्ही वाटांवर आहे. एनपीटीईएलच्या काही कोर्सची मराठी भाषांतरं झाली आहेत. तालुक्याच्या कॉलेजातलं मूल ती वाचून विषय समजून घेतं. मग असाइनमेंट उघडतं, तर प्रश्न बहुतेकदा इंग्रजीत.