नोटरी

नोटरी : एखाद्या कागदावर सही करणारी व्यक्ती आपल्यासमोर हजर झाली, तिची ओळख पटली आणि तिने समजून-उमजून सही केली, एवढ्या गोष्टीची अधिकृत ग्वाही देण्यासाठी शासनाने नेमलेला विधिज्ञ. कायद्याच्या मराठी परिभाषेत त्याला ‘लेख्यप्रमाणक’ म्हणतात. हा शब्द राजपत्राबाहेर सहसा ऐकू येत नाही. कोर्टाच्या किंवा तहसील कचेरीच्या आवारात ‘नोटरी करून आणा’ असेच सांगितले जाते, आणि तेथे नोटरी म्हणजे माणूस नसून त्याचा शिक्का असतो.

व्याख्येतील ‘एवढ्या’ हा शब्द नीट वाचायला हवा. नोटरीचा शिक्का सहीची साक्ष देतो. कागदातला मजकूर खरा आहे, विकली जाणारी जागा विकणाऱ्याच्याच नावावर आहे किंवा करार कायद्यापुढे टिकेल, यांपैकी कशाचीही हमी तो देत नाही. हा फरक वेळेवर न कळल्यामुळे महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी अडकून पडली आहे.

साक्षीशिवाय कागद खरा नाही, ही समजूत आपल्याकडे जुनीच आहे. शिवकाळातील व पेशवाईतील महजरांवर, म्हणजे निवाड्याच्या कागदांवर, गोतसभेला (गावच्या न्यायसभेला) जमलेल्यांची नावे आढळतात. लिहिता न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी काढलेली असे. आजही खरेदीखतावर ‘निशाणी डावा अंगठा’ असे लिहितात, ते याच परंपरेतले. नोटरीचे पद मात्र इंग्रजांबरोबर आले. रोममध्ये ‘नोटारिउस’ म्हणजे भराभर टिपून घेणारा लेखनिक. मध्ययुगात पोपच्या अधिकाराने नोटरी नेमले जात. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३३ च्या कायद्याने, इंग्लंडमधला हा अधिकार कँटरबरीच्या आर्चबिशपकडे गेला. त्यांच्या ‘मास्टर ऑफ द फॅकल्टीज’ या अधिकाऱ्याकडूनच भारतातील नोटरींनाही नेमणूक मिळे. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने, म्हणजे हुंडी-धनादेशांच्या कायद्याने, सरकारला स्वतःचे नोटरी नेमण्याची मुभा दिली, पण त्यांचे काम हुंड्या व वचनचिठ्ठ्यांपुरतेच राहिले. ही तरतूद त्या अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये होती. ते कलम पुढे रद्द झाले आणि १९८८ मध्ये त्याच क्रमांकावर न वटलेल्या धनादेशाची तरतूद आली. तेच आजचे ‘एकशे अडतीस’. स्वतंत्र देशाच्या नोटरींनी इंग्लंडच्या धर्मपीठाकडे पाहावे हे विसंगत होते, म्हणून संसदेने लेख्यप्रमाणक अधिनियम, १९५२ केला. तो १४ फेब्रुवारी १९५६ पासून अमलात आला व त्याच वर्षी नियमही झाले.

केंद्र व राज्य अशी दोन्ही सरकारे नोटरी नेमतात. सर्वसाधारण उमेदवाराला वकिलीचा किमान दहा वर्षांचा अनुभव लागतो. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व महिला यांना सात वर्षे पुरतात. व्यवसायाचे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असून पुढे त्याचे नूतनीकरण होते. १९९९ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. प्रमाणपत्रात कामाचे क्षेत्र लिहिलेले असते आणि त्या क्षेत्राबाहेर नोटरीने शिक्का मारायचा नसतो.

प्रत्यक्ष काम पाहिले तर ते पाच-दहा मिनिटांचे असते. कोर्टाबाहेर झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये टेबल मांडलेले असते, शेजारी टायपिंगवाला, पलीकडे झेरॉक्सचे दुकान. पक्षकाराने मूळ ओळखपत्र दाखवायचे. नोटरी त्याला ओळखत नसेल तर ओळखणारा वकील किंवा साक्षीदार सही करतो. मग पक्षकार नोटरीच्या डोळ्यांसमोर प्रत्येक पानावर सही करतो आणि जेथे खाडाखोड झाली असेल तेथे छोटी सही करतो. शपथपत्र असेल तर नोटरीने त्याला शपथ द्यायची असते. ‘वरील मजकूर वाचला का? खरा आहे का?’ हे विचारणे त्या शपथेतच येते. यानंतर नोटरी तिकीट लागते, तारीख पडते, नोंदवहीचा अनुक्रमांक लिहिला जातो आणि गोल मुद्रा उमटते. या मुद्रेचा व्यास नियमाने पाच सेंटिमीटर ठरलेला आहे. तिच्यावर नोटरीचे नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि त्याला नेमणाऱ्या सरकारचे नाव असावे लागते.

या सगळ्यात खरा जीव नोंदवहीत असतो. प्रत्येक कामाची नोंद तिच्यात करायची आणि पक्षकाराची सही तिथेही घ्यायची असते. पुढे कधी ‘ही सही माझी नाहीच’ असा वाद उभा राहिला तर कोर्ट आधी हे रजिस्टर मागवते. म्हणून शिक्क्याशेजारी अनुक्रमांक नसेल किंवा रजिस्टरमध्ये सही घेतली नसेल, तर पक्षकाराने त्यासाठी आग्रह धरावा. फीचे दर नियमांत ठरलेले आहेत. ते कार्यालयाच्या आत व बाहेर ठळक लावणे आणि घेतलेल्या पैशाची पावती देणे नोटरीला बंधनकारक आहे. बऱ्याच ठिकाणी मध्यस्थ सह्या केलेले कागद गोळा करून घेऊन जातो, ‘तुम्ही कशाला येता, मी शिक्का मारून आणतो’ असे म्हणतो, आणि लोकांनाही ती सोय वाटते. पण माणूस समोर नसताना मारलेल्या शिक्क्यात उरतेच काय? नोटरीला पाहायची एकच गोष्ट होती आणि तीच पाहिलेली नसते. अशा गैरवर्तनाबद्दल चौकशी होऊन नोटरीचे नाव नोंदणीपुस्तकातून काढले जाऊ शकते.

नोटरीकडे येणाऱ्या कागदांत सर्वांत मोठा वाटा शपथपत्रांचा, म्हणजेच प्रतिज्ञापत्रांचा, असतो. सातबाऱ्यावर ‘बाळू’, शाळेच्या दाखल्यावर ‘बाळासाहेब’ आणि आधारवर तिसरेच नाव असेल, तर ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत असे शपथेवर लिहून द्यावे लागते. लग्नानंतर बदललेले नाव, शिक्षणात पडलेल्या खंडाचे ‘गॅप’चे प्रतिज्ञापत्र, हरवलेली गुणपत्रिका, बँकेत मृत खातेदाराच्या वारसांनी द्यायचे हमीपत्र व बंधपत्र, ही नेहमीची कामे. निवडणुकीच्या उमेदवाराने मालमत्ता व गुन्ह्यांची माहिती देणारे नमुना २६ चे शपथपत्रही नोटरीपुढे करता येते. याशिवाय मूळ कागद पाहून झेरॉक्स खरी असल्याचे प्रमाणित करणे, भाषांतर करणे वा तपासून देणे, मुखत्यारपत्रावरील सही साक्षांकित करणे, न वटलेल्या हुंडीची नोंद करणे, कोर्टाने सांगितल्यास आयुक्त म्हणून साक्ष नोंदवणे आणि लवाद वा मध्यस्थ म्हणून काम पाहणे हेही अधिनियमाच्या कलम ८ मध्ये येते. जहाज किंवा त्यावरचा माल तारण ठेवून काढलेल्या कर्जाचे रोखेही त्या कलमात आहेत, पण सामान्य माणसाचा त्यांच्याशी संबंध येत नाही.

शासकीय कामासाठी लागणाऱ्या शपथपत्राबद्दल एक माहिती घराघरांत पोहोचायला हवी. जात, उत्पन्न, रहिवास, राष्ट्रीयत्व अशा दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या शपथपत्रांचे मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने १ जुलै २००४ च्या आदेशाने माफ केले आहे. ते साध्या कागदावर चालते. पुढे ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने, कायद्याने शपथपत्र आवश्यक केलेले नसेल तेथे स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती स्वीकारायला सांगितले. तरीही दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक स्टॅम्प वेंडरपुढे रांगा लावतात. खिडकीवरच्या माणसाने स्टॅम्प पेपर मागितला तर त्याला २००४ च्या आदेशाची तारीख सांगावी.

आता नोटरीने होत नाही ते. १९०८ च्या नोंदणी अधिनियमानुसार शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या खरेदीखतानेच होते. शहरांच्या कडेला मात्र शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकले गेले. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे त्यांची नोंदणी होईना, तेव्हा स्टॅम्प पेपरवर साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) किंवा कुलमुखत्यारपत्र लिहून ‘नोटरी’ करून देण्याची पद्धत पडली. घेणाऱ्याच्या हातात शिक्के, तिकिटे, लाल अक्षरे असलेला भारदस्त कागद असतो. त्याने घर बांधलेले असते, वीजबिल त्याच्या नावाने येत असते, पण सातबाऱ्यावर मूळ मालकच राहतो. तो वारला की त्याची मुले दारात उभी राहतात, किंवा तोच तुकडा आणखी कोणाला विकला गेल्याचे कळते. मुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या अशा ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात स्पष्ट केले. राज्यातील २००१ च्या गुंठेवारी कायद्याने काही वस्त्या नियमित होऊ शकल्या, पण त्यासाठीही वेगळी प्रक्रिया करावी लागते.

भाडेकराराचेही तसेच आहे. ‘अकरा महिन्यांचा करार, नोटरी पुरे’ ही समजूत इतर राज्यांतून आली असेल, पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेपट्टा असो वा लिव्ह अँड लायसन्स, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लग्न आणि घटस्फोटही नोटरीपुढे होत नाहीत. प्रतिज्ञापत्रावर ‘आम्ही पती-पत्नी आहोत’ असे लिहून घेतलेल्या मुलींची पुढे फार फरफट होते. नोटरी हा विवाह अधिकारी नाही, त्याने असे कागद करून देऊ नयेत, अशी तंबी केंद्राच्या विधी कार्य विभागाने २०२४ मध्ये दिली. मृत्युपत्राची गोष्ट उलटी आहे. त्याला नोटरीची गरजच नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ प्रमाणे दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात, आणि नोंदणी ऐच्छिक आहे.

परदेशातील मराठी माणसाचा नोटरीशी संबंध बहुधा मुखत्यारपत्रामुळे येतो. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलाला पुण्यातला फ्लॅट विकायचा असेल आणि सुट्टी मिळत नसेल, तर तो आई-वडिलांना मुखत्यार नेमतो. दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचे मुखत्यारपत्र भारतात राहणाऱ्याने दुय्यम निबंधकापुढेच करायचे असते, परंतु परदेशी राहणाऱ्याला ते तेथील नोटरीपुढे, न्यायालयापुढे किंवा भारतीय वकिलातीत करता येते, अशी सवलत नोंदणी अधिनियमाच्या कलम ३३ मध्ये आहे. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. टपालाचे पाकीट जपून ठेवायला सांगतात, कारण कागद कधी आला हे त्यावरून दाखवता येते. उलट दिशेला, येथील कागद परदेशी चालवायचा तर नोटरीनंतर राज्य शासनाच्या अधिकृत विभागाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे ‘अपोस्टिल’, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणपत्र, घ्यावे लागते. १९६१ च्या हेग करारातील ही पद्धत भारताला १४ जुलै २००५ पासून लागू आहे. करारात नसलेल्या देशांसाठी त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का लागतो.

गोव्यात मात्र नोटरी या शब्दाला आणखी एक, बराच वजनदार अर्थ आहे. पोर्तुगीज परंपरेतला नोटरी सही पाहून थांबत नाही. तो दस्त स्वतः तयार करतो, पक्षकारांना वाचून दाखवतो आणि मूळ प्रत आपल्या सरकारी पुस्तकात ठेवतो. ही परंपरा आता गोवा वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ मध्ये आली असून तो डिसेंबर २०१६ पासून लागू आहे. तेथे नागरी निबंधक व उपनिबंधक हेच विशेष नोटरी म्हणून काम करतात. वारस कोण हे ठरवणारा वारसा दस्त आणि सार्वजनिक मृत्युपत्र त्यांच्याकडे होते, आणि वारसाहक्क सोडल्याचा दस्तही. शपथपत्रे व खऱ्या नकला करणारे १९५२ च्या कायद्याखालील नोटरी गोव्यातही आहेतच, पण त्यांच्या शिक्क्याने ही कामे होत नाहीत. गोव्यात लग्नानंतर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. ज्यांना ती वेगळी ठेवायची असेल त्यांनी तसा करार लग्नापूर्वीच विशेष नोटरीकडे करावा लागतो. लग्न झाल्यावर तो करताही येत नाही आणि केलेला बदलताही येत नाही.