तांदूळ निवडणारा मेंदू

‘तांदूळ निवडून ठेव’ म्हटलं की आपण ताटात तांदूळ पसरतो आणि खडे वेचून काढतो. मराठीत निवडणं म्हणजे नको ते बाजूला करणं. लक्ष देतानाही मेंदू नेमकं हेच करतो, हे मला कळलं तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

लक्ष म्हणजे बॅटरीचा झोत, असा सर्वसाधारण समज आहे. झोत पडेल तेवढं दिसतं, बाकीचं आपोआप अंधारात राहतं. अर्जुनाला पक्ष्याचा फक्त डोळा दिसला, झाड दिसलंच नाही, असं आपण लहानपणापासून ऐकतो. पण झाडाचा प्रकाश डोळ्यांत शिरतोच. त्याचं पुढे काय होतं?

१९८५ साली स्टीव्हन टिपर यांनी लाल आणि हिरव्या रेषांची चित्रं एकमेकांवर काढून लोकांना दाखवली. लाल चित्राचं नाव सांगायचं, हिरव्याकडे दुर्लक्ष करायचं. समजा, हिरवा कुत्रा दुर्लक्षिला आणि लगेच पुढच्या वेळी लाल रंगात कुत्राच आला, तर त्याचं नाव सांगायला उशीर लागे. उशीर सेकंदाच्या काही शतांशांचाच, पण पुन्हा पुन्हा दिसणारा. दुर्लक्षिलेलं चित्र मेंदूने नुसतं सोडून दिलं असतं, तर हा उशीर झालाच नसता; म्हणजे मेंदूने ते दाबून ठेवलं होतं, असा टिपर यांनी अर्थ लावला. काही संशोधकांच्या मते हे दाबणं नसून आठवण आहे: कुत्रा दिसताच ‘याला उत्तर द्यायचं नाही’ ही मघाची खूण जागी होते. तो वाद अजून चालू आहे.

म्हणून थेट पेशींकडे जाऊ. त्याच वर्षी मोरान आणि डेसिमोन यांनी माकडांच्या मेंदूतल्या व्ही-४ या दृष्टिभागातल्या एकेका पेशीचे विद्युतस्पंद मोजले. अशा प्रत्येक पेशीच्या वाट्याला दृश्याचा एक ठरावीक तुकडा येतो. त्या तुकड्यात दोन पट्ट्या ठेवल्या. समजा, पेशीला लाल आवडते, म्हणजे लाल दिसली की ती जोरात स्पंदते, आणि हिरवीला दाद देत नाही. माकडाने लालकडे लक्ष दिलं की स्पंद जोरात. हिरवीकडे दिलं की लाल पट्टी जागच्या जागी असूनही पेशी मंदावते. मला सर्वांत सुंदर वाटतं ते पुढचं: हिरवी पट्टी त्या तुकड्याच्या बाहेर ठेवली आणि माकडाचं लक्ष तिच्याकडे असलं, तर लालवरचे स्पंद जवळपास तसेच राहतात. एकाच पेशीवर दोघांचा दावा असेल, तेव्हाच एकाला दाबलं जातं.

सुट्टी लागली की ‘मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन’चे, म्हणजे मधला मेंदू जागा करून एकाग्रता वाढवतो म्हणणारे, वर्ग भरतात आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं वाचून दाखवतात. ती नाकाजवळच्या फटीतून बघतात. एकाग्रतेच्या नावाने पालकांकडून घेतलेले ते पैसे ही सरळ फसवणूक आहे.

त्यापेक्षा १९६६ साली डॅलरिम्पल-आल्फर्ड आणि बुदायर यांनी केलेला प्रयोग मुलांबरोबर घरी करा. स्केचपेनने रंगांची नावं भलत्याच शाईत लिहा. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. एका यादीत क्रम कसाही ठेवा, मात्र कुठलाही शब्द लगेच पुढच्या शाईचं नाव नसावा. दुसरीत प्रत्येक शब्द हा पुढच्या शाईचं नाव असू द्या: ‘लाल’ निळ्या शाईत, मग ‘हिरवा’ लाल शाईत, मग ‘काळा’ हिरव्या शाईत. वीस-वीस शब्द पुरेत. पूर्ण यादीचा वेळ मोजायचा असल्याने मोबाइलचं स्टॉपवॉच चालतं. दुसऱ्या यादीला जास्त वेळ लागतो: नुकताच दुर्लक्षिलेला शब्दच तिथे पुढचं उत्तर असतो.