पॅनिकवर कुठली थेरपी, हा वाद आला कुठून

पॅनिक अटॅक, म्हणजे अचानक येणारे तीव्र भीतीचे झटके, येतात म्हटलं की आज लगेच 'सीबीटी कर' (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं दोन्हीवर काम करणारी) असा सल्ला मिळतो, पण यामागे शंभरेक वर्षांची ओढाताण आहे.

पॅनिकसोबत बरेचदा दिसणारी बाहेर पडायची भीती म्हणजे अगोराफोबिया. हा शब्द बर्लिनचे डॉक्टर कार्ल वेस्टफाल यांचा, १८७१ चा. अगोरा म्हणजे ग्रीकमध्ये बाजाराचा चौक. वेस्टफालचे पेशंट मोकळा चौक ओलांडायला घाबरायचे, आणि सोबतीला कुणी असलं की निभावून न्यायचे. पुढे फ्रॉइडनेसुद्धा १९१९ च्या लेखात मान्य केलं की नुसतं बोलून भागत नाही, या पेशंटला रस्त्यावर जाऊन भीतीला तोंड द्यायला लावावंच लागतं. मला हे फार मोठं वाटतं, कारण एक्स्पोजरचं, म्हणजे भीती वाटते तिथे मुद्दाम जाऊन थांबायच्या उपचाराचं, बीज इथेच आहे.

१९५८ मध्ये जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञाने अंग सैल सोडून भीतीची कल्पना करायची पद्धत मांडली, मग लंडनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ आयझॅक मार्क्स वगैरेंनी दाखवलं की कल्पनेपेक्षा खरोखर बाहेर पडून तिथे थांबणं महत्त्वाचं. तिकडे अमेरिकेत मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइनला दिसलं की इमिप्रामिन या गोळीने अटॅक थांबतात पण पुढे काय होईल ही धास्ती आणि घराबाहेर पडणं टाळणं तसंच राहतं, म्हणजे अटॅक आधी आणि टाळणं नंतर असं तो म्हणाला, आणि १९८० च्या डीएसएम-३ मध्ये (मानसिक आजारांची अमेरिकन नियमावली) पॅनिक डिसऑर्डर वेगळा आजार म्हणून आला.

मग १९८६ ला ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क म्हणाला, छातीत धडधडलं की माणूस 'हार्ट अटॅकच आला' असं समजतो, त्या समजाने धडधड अजून वाढते, तर तो समजच तपासून बघा. १९९४ च्या त्याच्या ट्रायलमध्ये ही कॉग्निटिव्ह थेरपी, रिलॅक्सेशन आणि इमिप्रामिन तिन्ही वेटिंग लिस्टपेक्षा, म्हणजे उपचाराविना नुसतं वाट बघत ठेवलेल्यांपेक्षा, सरस ठरले, १५ महिन्यांनी काही मोजमापांवर कॉग्निटिव्ह पुढे होती. २००० मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बार्लोच्या टीमने ३१२ पेशंटवर सीबीटी आणि इमिप्रामिनची गोळी ताडून बघितली, तर गोळी बंद केल्यावर सीबीटीवाल्यांचा फायदा जास्त टिकला. ज्यांना कायम गोळ्या घ्यायच्या नाहीत त्यांच्यासाठी ही मोलाची माहिती आहे!

तरी २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक ट्रायल्स एकत्र तपासणारा आढावा) सीबीटी बऱ्याचदा पुढे दिसली पण फरक लहानच, आणि सायकोडायनॅमिक थेरपीही (फ्रॉइडच्या परंपरेतली, मनातले दडलेले संघर्ष बोलून उलगडणारी) आश्वासक निघाली. त्यात सीबीटीच्या पॅकेजमध्येच एक्स्पोजर असतं, त्यामुळे बरं नक्की कशाने वाटलं हे वेगळं काढणं अवघड. शिवाय २०१३ च्या डीएसएम-५ ने पॅनिक आणि अगोराफोबिया हे दोन स्वतंत्र आजार केले, आणि त्याआधीच्या कित्येक ट्रायल्समध्ये दोन्हीचे पेशंट एकत्रच घेतलेले आहेत.