मोफत वकिलासाठी अर्ज: दाखला नंतर, नोटीस आधी

वस्तीतल्या आमच्या सल्ला केंद्रात माणसं प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात. वर आधार, रेशनकार्ड, लाइट बिल असतं आणि तळाशी चार घड्या घातलेली कोर्टाची नोटीस. एका बाईंनी अशी नोटीस काढून दिली, तेव्हा बेलिफाने ती हातात ठेवल्याला सव्वीस दिवस झाले होते. एवढे दिवस त्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालत होत्या. त्याशिवाय मोफत वकील मिळत नाही, असं त्यांना कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं. खरं तर त्यांना तो दाखला लागणारच नव्हता.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 च्या कलम 12 मध्ये मोफत विधी सेवा कुणाला मिळते ते दिलं आहे. कोणतीही स्त्री, अठरा वर्षांखालचं मूल, अनुसूचित जाती किंवा जमातीची व्यक्ती, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत किंवा सुधारगृहात असलेली व्यक्ती, मानवी तस्करी वा वेठबिगारीचा बळी, तसंच पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तीत सापडलेली व्यक्ती. यातल्या कुणालाही उत्पन्नाची अट नाही. बाईंचा नवरा कमावता असो, माहेर सधन असो, फरक पडत नाही. या यादीत न बसणाऱ्यांसाठीच उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि महाराष्ट्रात ती वर्षाला 3 लाख रुपये आहे. म्हणजे ओबीसी किंवा खुल्या प्रवर्गातला पुरुष कोठडीत नसेल, अपंग किंवा औद्योगिक कामगार नसेल, तर त्याला उत्पन्न दाखवावं लागतं. तिथेही दाखला मिळायला उशीर होत असेल तर थांबू नका. कलम 13 नुसार उत्पन्नाबद्दलचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. मात्र प्राधिकरणाला त्यावर शंका घ्यायला कारण नसावं. खोटं उत्पन्न लिहू नका. नंतर उघडकीस आलं तर मिळालेली मदत काढून घेतली जाते.

पात्रता असली तरी प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे का, हे प्राधिकरण पाहतं. निव्वळ शेजाऱ्याला धडा शिकवायचा म्हणून दावा लावायचा असेल, तर अर्ज तिथेच अडतो.

आता कागद. पहिला मान नोटिशीचा किंवा समन्सचा. ती कोणत्या तारखेला हातात पडली ते लगेच लिहून ठेवा. दिवाणी दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला तुमचं लेखी उत्तर, समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते. कोर्ट कारण नोंदवून मुदत वाढवू शकतं, पण नेहमीच्या दाव्यात तीही 90 दिवसांपर्यंत. तेवढ्यात काहीच दाखल झालं नाही, तर तुमचं म्हणणं न ऐकताच दावा पुढे सरकतो. म्हणून आमच्याकडे माणूस आला की आधी नोटिशीची तारीख बघायची आणि मग चहा, असा शिरस्ता आहे.

नोटिशीसोबत ओळखीचा एक कागद आणि ज्या गटातून मदत मागता त्याचा पुरावा लागतो: जातीचा दाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र. स्त्रीला आधार पुरतं. वादाशी संबंधित जे असेल ते, म्हणजे सातबारा, भाडेपावती, लग्नाचा फोटो, एफआयआरची प्रत, बँकेचं पासबुक, झेरॉक्स करून जोडा. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडून येऊ नका, आमच्याही नाही.

अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. दोन्ही कार्यालयं न्यायालयाच्या आवारातच असतात. दारावर पाटी दिसली नाही तर ‘लीगल एडचं ऑफिस कुठंय’ असं विचारा, कोणीही बोट दाखवेल. ‘सरकारी वकील हवाय’ असं मात्र म्हणू नका. फौजदारी खटल्यात सरकारी वकील आरोपीच्या विरुद्ध उभा असतो, आणि त्याच्या दारात तासभर बसून परत आलेली माणसं मी पाहिली आहेत. केस दुसऱ्या जिल्ह्यात असेल तरी अर्ज जवळच्या कार्यालयात देता येतो, ते तो पुढे पाठवतात. नालसाच्या, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावरून ऑनलाइन अर्जही होतो, आणि 15100 हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

अर्ज मराठीत चालतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा. कार्यालयातली व्यक्ती किंवा विधी स्वयंसेवक तो लिहून घेतात आणि त्यावर अंगठा चालतो. फॉर्म भरताना ‘कोणती मदत हवी’ या रकान्यात लोक ‘न्याय मिळावा’ असं लिहितात. ते खरंच असतं, पण त्यावरून वकील कुठल्या कोर्टात पाठवायचा ते कळत नाही. ‘अमुक कोर्टातल्या अमुक क्रमांकाच्या दाव्यात माझ्यातर्फे वकील द्यावा, पुढची तारीख अमुक’ असं लिहा. दावा क्रमांक नोटिशीवरच असतो.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट: ही मदत फक्त मोठ्या कोर्टापुरती नाही. कायद्यात ‘न्यायालय’ या शब्दात महसुली न्यायालय, न्यायाधिकरण आणि अर्धन्यायिक अधिकारीही येतात. म्हणजे फेरफाराविरुद्ध प्रांताकडे अपील करायचं असेल, तरी वकील मागता येतो. नुसता सल्लाही मागता येतो, केस असायलाच हवी असं नाही. आमच्याकडे निराधार अनुदानासाठी आलेल्या दोन आजींचं दुखणं शेवटी घरातल्या वाटणीचं निघालं; अनुदानाचा अर्ज तहसीलला गेला आणि वाटणीचा विषय विधी सेवेच्या याच खिडकीवर.

अर्जावर लगेच, आणि जास्तीत जास्त सात दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर त्याच संस्थेच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं; जिल्ह्यात ते प्रमुख जिल्हा न्यायाधीश असतात. मंजूर झाला तर पॅनलवरचा, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतला, वकील मिळतो. एखादं नाव सुचवलंत तर त्याचा विचार होतो, पण तोच मिळेल अशी खात्री नाही. फौजदारी खटल्यातल्या आरोपीसाठी बऱ्याच जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत, तिथे पूर्णवेळ वकील असतात. कोर्ट फी, टायपिंग, नकला, साक्षीदारांचा खर्च हेही यात येतं.

वकील एक रुपयाही मागू शकत नाही. ‘झेरॉक्सपुरते द्या’ हेही नाही. मागितलेच तर भांडत बसू नका. तारीख, रक्कम, काय बोलणं झालं ते लिहून प्राधिकरणाच्या सचिवांना द्या आणि वकील बदलून मागा. मात्र तुम्हीही परस्पर दुसरा वकील लावलात किंवा तारखांना फिरकला नाहीत, तर मदत बंद होऊ शकते.

त्या बाईंचा अर्ज त्याच दिवशी गेला. अठ्ठाविसाव्या दिवशी वकीलपत्र दाखल झालं आणि कैफियतीला मुदत मागितली गेली. उत्पन्नाचा दाखला पुढच्या आठवड्यात आला. तो त्यांनी मुलाच्या शाळेत दिला.