शिकून झाल्यावरची दहा मिनिटं

एक धडा संपला की लगेच पुढचा उघडायचा, एक मीटिंग आटोपली की धावतपळत दुसरीला बसायचं आणि मधे चार मिनिटं मिळालीच तर फोन काढायचा. रिकामा वेळ म्हणजे वाया गेलेला वेळ, हे आपल्या मनावर फार पक्कं बिंबलं आहे. स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीच काही वेगळं दिसलं होतं.

जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे गेऑर्ग एलियास म्युलर आणि आल्फॉन्स पिल्झेकर हे दोन मानसशास्त्रज्ञ लोकांकडून निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून घेत. एक यादी झाल्यावर काहींना लगेच दुसरी दिली जाई, काहींना मधे सहा मिनिटं उसंत मिळे. नंतर विचारल्यावर, उसंत मिळालेल्यांना पहिल्या यादीतलं जवळपास निम्मं आठवलं. न मिळालेल्यांना साधारण २८ टक्के. १९०० साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि निष्कर्ष असा काढला, की शिकलेली गोष्ट मेंदूत मुरायला वेळ लागतो आणि त्या वेळात नवं काही येऊन आदळलं, तर आधीचं पुसट होतं.

या निष्कर्षाचा सगळ्यात चकित करणारा पुरावा २००४ मध्ये आला, तोही स्मृती गमावलेल्या रुग्णांकडून. मेंदूला इजा झाल्यामुळे या लोकांना नवीन काही लक्षात ठेवणं जवळजवळ अशक्य झालं होतं. नेल्सन कोवन, सर्जिओ देला साला आणि सहकाऱ्यांनी अशा सहा जणांना छोट्या गोष्टी ऐकवल्या. नंतरचा तास इतर चाचण्या सोडवण्यात गेला, की गोष्ट पार पुसली जायची. पण तोच तास त्यांना शांत, अंधाऱ्या खोलीत काही न करता काढू दिला, तेव्हा सहापैकी चौघांना गोष्टीचा बराच भाग सांगता आला. ज्यांच्याबद्दल ‘यांच्या काही लक्षातच राहत नाही’ असं सगळे धरून चालले होते, त्यांच्या लक्षात राहत होतं; फक्त मधला वेळ मोकळा मिळायला हवा होता. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. विसराळूपणाचा सगळा दोष मेंदूवर टाकण्याआधी, आपण त्याच्यावर किती आणि किती पटापट ओततो आहोत, हे पाहायला तो भाग पाडतो.

पुढे मिकेला डेवार, देला साला आणि सहकाऱ्यांनी निरोगी वयस्कर मंडळींवर असाच प्रयोग केला. एका गोष्टीनंतर १० मिनिटं डोळे मिटून स्वस्थ बसायचं, दुसरीनंतर तेवढाच वेळ कॉम्प्युटरवर चित्रांतले फरक ओळखायचे. ७ दिवसांनी विचारलं, तेव्हाही स्वस्थपणा मिळालेली गोष्टच जास्त आठवत होती.

त्या शांत मिनिटांत आत काय चालतं, याचा अंदाज उंदरांवरून आला. उंदीर एखाद्या वाटेवरून धावतो तेव्हा त्याच्या हिप्पोकॅम्पसमधल्या (मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागातल्या) विशिष्ट पेशी जागेनुसार एकामागून एक चेततात. २००६ मध्ये डेव्हिड फॉस्टर आणि मॅथ्यू विल्सन यांना आढळलं, की वाटेच्या टोकाला उंदीर थांबला की त्याच पेशी पुन्हा चेततात, पण उलट्या क्रमाने आणि कितीतरी वेगाने. उंदीर जागाच असतो, नुसता थांबलेला असतो आणि मेंदू नुकत्याच केलेल्या प्रवासाची उजळणी करत असतो.

माणसांतही असं काही दिसलं आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत लिओनार्डो कोहेन यांच्या गटाने लोकांना डाव्या हाताने ४-१-३-२-४ हे आकडे भराभर टाईप करायला लावले: १० सेकंद सराव, १० सेकंद विश्रांती, पुन्हा सराव. सुरुवातीच्या फेऱ्यांत वेग वाढला तो प्रत्यक्ष बोटं चालत असताना नव्हे. थांबून पुन्हा सुरू केलं, की तो वाढलेला असायचा. त्या १० सेकंदांत मेंदू तीच मालिका सुमारे २० पट वेगाने घोकत असल्याचं २०२१ मध्ये त्यांनी मांडलं. या वाढीतला काही भाग नुसता थकवा उतरल्याचा असेल, असं काही संशोधकांचं म्हणणं आहे आणि तो वाद अजून मिटलेला नाही. पण थांबल्याने कामाचं नुकसान होतं, असं यातला कुठलाच पक्ष म्हणत नाही.

मग थांबणं इतकं जड का जातं? २०१४ मध्ये टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. सोबत होतं फक्त विजेचा सौम्य झटका देणारं एक बटण. हा झटका चुकवायला पैसे देऊ, असं हीच माणसं आधी म्हणाली होती. तरीही १८ पैकी १२ पुरुषांनी आणि २४ पैकी ६ स्त्रियांनी तो स्वतःला देऊन घेतला!

आज त्या बटणाची जागा फोनने घेतली आहे, असं मला वाटतं. बोट सरकवत बसणं आपल्याला विश्रांती वाटते, पण मेंदूच्या दृष्टीने ती चित्रांतले फरक ओळखण्याच्या जातीची असते: सतत नवं काही आत येत राहतं. अभ्यासाला बसलेल्या मुलाने पान संपवून खिडकीबाहेर पाहिलं, तर त्याला टोकू नये. आणि वर्गांचं किंवा बैठकांचं वेळापत्रक आखणाऱ्यांनी दोन तासांमधली मोकळी जागा भरण्याचा मोह टाळावा. निदान दहा मिनिटं तरी सोडावीत, आणि त्यांत सूचनाही देऊ नयेत.